गिरजा, मारुती आणि रूथबाई

किस्से हे घरातल्या पिशव्यांसारखे असतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा कोंबून आपण त्या दारामागच्या खिळ्याला लटकावून ठेवतो. कधीतरी भाजीला निघताना एकच ओढायला जावं, तर सगळा गठ्ठा अंगावर! परवा असंच झालं. भाचीने सहज विचारलं, "मावशी, लग्नाआधी तू काय करायचीस?" मी म्हटलं, "गोऱ्या लोकांना मराठी शिकवायचे." झालं! चहा दोनदा गरम करावा लागला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि बारामतीत घरी बसून नोकरीच्या जाहिराती कापत होते. तेवढ्यात गावात एका परदेशी संस्थेने बंगला भाड्याने घेतला. संस्थेचे स्वयंसेवक परदेशातून यायचे, अडीच महिने इथं राहून मराठी शिकायचे आणि मग पुढची दोन वर्षं महाराष्ट्रात कुठे शाळेत, कुठे दवाखान्यात काम करायचे. अट एकच. प्रशिक्षणाच्या काळात हॉटेलात नाही, एखाद्या कुटुंबात राहायचं. घर जमलं नाही, तर परतीचं विमान! त्यांना मराठी शिकवायची नोकरी मला मिळाली. त्यांच्यासाठी घरंही मीच शोधायची, हे मात्र रुजू झाल्यावर कळलं.

माझ्या पहिल्या तुकडीत तिघं होते. कॅनडाचा मार्टिन, सहा फूट चार इंच, यंत्रं दुरुस्त करणारा. आयर्लंडची ग्रेस, पंचविशीतली नर्स. आणि इंग्लंडच्या रूथबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. आठवडाभर मी एसटीने फिरत एकेकाच्या घरी जाऊन शिकवायचे, शनिवारी तिघंही बारामतीच्या बंगल्यावर. आणि शनिवारी काय काय बाहेर पडायचं म्हणता!

*

मार्टिनसाठी घर बघायला मी बावड्याला दत्तूतात्यांकडे गेले. ऊस, ट्रॅक्टर, भरल्या मिशा, ऐसपैस पत्र्याचं घर. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

"अडीच महिने."

"अडीच महिनं? मंग ह्यो पाव्हना न्हाय बाई, ह्यो घरजावई झाला!"

आतून कमलाकाकूंचा आवाज आला, "आपल्याला पोरगी न्हाय, ते बरं हाय!"

मग तात्या मुद्द्यावर आले. "खायाला काय लागतं त्याला?"

"काहीही चालतं."

"ते झालं. पन अॅव्हरेज काय देतो?"

मला काही कळेना. तात्यांनी अंगणातल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "म्हंजे एका टायमाला भाकरी किती?"

मी अंदाजाने म्हटलं, "दोन."

तात्या एकदम गंभीर झाले. "एवढ्या थोरल्या गड्याला दोन भाकरी? मंग इंजिनात बिघाड हाय. आना त्याला हिकडं, करतो सर्व्हिसिंग!"

आणि मार्टिनचं घर ठरलं.

*

पहिल्याच शनिवारी मार्टिन हसत हसत आला. म्हणाला, "शैला, बावड्याची माणसं इतकी प्रेमळ आहेत! आणि सगळ्यांना इंग्लिश येतं."

मी चकित! बावड्यात दत्तूतात्यांना इंग्लिश?

झालं होतं असं. तात्यांनी त्याला पहिल्या दिवशी घर दाखवलं. "ही आमची म्हातारी हाय." मार्टिन वाकून म्हातारीला म्हणाला, "हाय!" "ह्यो आमचा सोन्या हाय." सोन्या म्हणजे बैल. मार्टिनने बैलाकडे बघून हात हलवला, "हाय!" "ही हीर हाय." विहिरीत डोकावून मार्टिन, "हाय!"

तात्यांनी माझ्याकडे स्वतंत्र चौकशी केली. "पोरगं गुनाचं हाय, बाई. पन हिरीला कशापायी बोलतंय?"

मी मार्टिनला समजावलं, की मी तुला जे 'आहे' शिकवलं, तेच तिकडे 'हाय' होतं. तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तात्या म्हणाले, 'हितं संडास न्हाय', तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"मला 'हाय' तेवढं ऐकू आलं. मी दोन दिवस शोधतोय!"

*

त्याचं नाव बावड्यात कुणाच्या तोंडात बसेना. मार्टिन, मार्तीन, मारतीन करत करत आठवड्याभरात तो मारुती झाला. त्याला उगाचच शंका आली. मला म्हणाला, "मारुती म्हणजे ती छोटी गाडी ना? मी त्या गाडीत मावतसुद्धा नाही! चेष्टा करतात का माझी?"

मी तात्यांना विचारलं. तात्यांनी कान धरले. "गाडी न्हवं वो, द्येव! द्येवाचं नाव दिलंय!"

आणि देवाचं नाव मिळण्याला कारणही होतं. तात्यांच्या घराची दारं बुटकी. पहिल्या दिवशी मार्टिनचं कपाळ चौकटीला असं आदळलं, की पत्रा वाजला म्हणे. तेव्हापासून तो आत येताना आणि बाहेर जाताना कमरेत चांगला वाकायचा. आता गंमत अशी, की दाराच्या अगदी समोर देव्हारा! कमलाकाकूंनी सगळ्या गल्लीत सांगितलं, "आमचा मारुती लई धार्मिक हाय. येता-जाता द्येवाला वाकतो!"

घरचा मुलगा संजय कॉलेजात शिकत होता. काकू त्याला रोज ऐकवायच्या, "बघ, बघ! परदेशातलं पोरगं, पन वळन बघ! तू वाकतूस का कवा?"

संजय एकदा वैतागला. "आई, मलाबी तेवढा उंच कर. मंग बघ कसा वाकतो!"

*

ग्रेसला मी अंथुर्ण्याला ठेवलं होतं, गेनूआबा आणि पारूबाईंकडे. आबांच्या तरुणपणी त्यांची शेकड्यांनी मेंढरं असायची, पावसाळा सोडला तर पाय घरात ठरत नसत. आता ऊस आणि गहू. दोन्ही मुलं कारखान्यात कामाला. तरी आबांनी आठ-दहा मेंढरं ठेवलीच होती. म्हणायचे, "हात रिकामं बरं दिसत न्हाईत." ग्रेसचं तिथं गिरीस झालं आणि मग पारूबाईंनी गिरजा करून टाकलं.

आता साबणाचं ऐका. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गिरजा न्हाणीत आंघोळीला गेली. अंगावर पाणी घेतलं आणि बघते, तर साबण नाही! मराठी शब्द काही आठवेना. तिने आतून इंग्लिशमध्येच हाक मारली, "सोप! सोप!"

बाहेर पारूबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्या कानात काय शिरलं? "साप! साप!"

पारूबाई पिठाच्या हातांनी ओरडत सुटल्या. आबा काठी घेऊन धावले. शेजारचे दोघं फावडं घेऊन आले. कुणी घमेलं आणलं, कुणी रॉकेलची बाटली. सगळे न्हाणीच्या पत्र्याबाहेर उभे राहून ओरडतायत, "हलू नगंस! हलू नगंस, पोरी!" आणि आत गिरजा टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात सरकतेय. तिला वाटलं, साबण मागणं हा या गावात गुन्हा आहे!

शेवटी पारूबाई जिवावर उदार होऊन आत शिरल्या. गिरजाने हाताने अंग चोळून दाखवलं. पारूबाई बाहेर आल्या आणि हसत हसत मटकन खालीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा गिरजाने वहीत 'साबण' दहादा लिहून काढला होता. पण तिच्या डोक्यात नवा किडा. तिने मला आणि मी आबांना विचारलं, "आणि खरंच साप निघाला, तर तिने काय ओरडायचं?"

आबांनी शांतपणे तंबाखू मळली. "तवा 'साबन' म्हनून वरड म्हनावं. आमी काठ्या घ्यूनच येतो!"

*

गिरजाच्या घरी, आयर्लंडला, मेंढ्या होत्या. आबांच्या मेंढरांना बघून तिला काय आनंद झाला म्हणता! म्हणाली, "मी बोलावते, बघा." आणि तोंडात दोन बोटं घालून तिने अशी शिट्टी मारली, की बांधावरचे बगळे उडाले. मग तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक हाक मारली. एका मेंढराने मानसुद्धा वळवली नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा हाक. मेंढरं चरतायत निवांत.

गिरजाचा चेहरा पडला. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसतं "हर्र्या!" केलं. सगळी पळत आली!

"वाईट वाटून घिऊ नगंस," आबा म्हणाले. "आमची मेंढरं मराठी मीडियमची हायती."

*

रूथबाईंची तऱ्हाच निराळी. त्या बारामतीत जोशीकाकांकडे. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिक्षिका, मुलगा-सून दोघं नोकरीला. शिकलेलं घर, म्हणून मी निर्धास्त होते. आणि तिथंच घोटाळा झाला! घरातले सगळे रूथबाईंशी इंग्लिशच बोलायचे. काकांना तर जन्मभराची हौस फेडायची होती. सकाळी चहाला बसले, की क्रिकेटपासून राणीपर्यंत सगळे विषय. बाई बिचाऱ्या म्हणायच्या, "मला मराठी शिकायचं आहे." काका इंग्लिशमध्ये म्हणायचे, "शुअर, शुअर! टुमारो!"

रूथबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन आठवड्यांनी मला म्हणाल्या, "शैला, काळजी करू नकोस. मला घरातच उत्तम शिक्षिका मिळाली आहे. ती फक्त मराठीच बोलते. माझ्याशी दिवसभर बोलते."

मला वाटलं, शेजारच्या कुणी असतील. मी चौकशी केली नाही.

पुढे इंदापूरच्या एका शाळेने रूथबाईंना स्नेहसंमेलनाला पाहुण्या म्हणून बोलावलं. मुख्याध्यापिका होत्या ना! बाई म्हणाल्या, "मी मराठीत बोलणार." मी खूश. आमच्या संस्थेचे साहेबही खूश. जोशीकाका खास कोट घालून आलेले. साडी नेसलेल्या रूथबाई उठल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि मुख्याध्यापिकेच्या भारदस्त आवाजात सुरू झाल्या,

"बाळांनो! मी आज भुर्र आले!"

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"मोठ्ठी पीं पीं होती. वाटेत हम्मा दिसली. भू भू दिसला. मग मी मम्मम खाल्लं. मम्मम छान छान होतं."

पहिल्या रांगेतली चिल्लीपिल्ली उड्या मारायला लागली. मागे पालकांनी तोंडाला पदर आणि रुमाल लावले. मी स्टेजच्या बाजूला विंगेचा पडदा घट्ट धरून उभी.

"आता मी घरी जाऊन गाई गाई करणार. शहाण्यासारखं वागा. टाटा!"

एवढ्या टाळ्या मी त्या शाळेत नंतर कधी ऐकल्या नाहीत. रूथबाई खाली उतरल्या, त्यांचे डोळे चमकत होते. "शैला, बघितलंस? मुलांना एक शब्दही अडला नाही!"

आणि जोशीकाका कोटाची बटणं लावत, ताठ मानेने सगळ्यांना सांगत होते, "आमच्या चिमीची विद्यार्थिनी!" चिमी म्हणजे काकांची नात. वय वर्षं अडीच.

*

आता गिरजाच्या लग्नाचं सांगते. अंथुर्ण्यात बायकांचा तिला पहिला प्रश्न, "लगीन झालंय का?" ती म्हणायची, "नाही." झालं! मग कुणाचा भाऊ मिलिटरीत, कुणाचा पुतण्या डेअरीत. तिला नको जीव झाला. मी तिला युक्ती शिकवली. म्हटलं, "'ठरलंय' म्हण. पुढचं कुणी विचारत नाही."

पण अंथुर्ण्याच्या बायका त्या! पुढचा प्रश्न तयारच होता. "मुलगा कुठला?"

गिरजाला सगळा प्रश्न कळला नाही, 'कुठला' तेवढं कळलं. आणि 'कुठला' आलं, की काय उत्तर द्यायचं, हे मीच वर्गात घोटून घेतलेलं. मार्टिन कुठला? बावड्याचा. गिरजा कुठली? अंथुर्ण्याची. शैलाताई कुठली? बारामतीची. तिने 'कुठला'ला जुळवून झटकन सांगून टाकलं, "बारामतीचा!"

मग काय! बारामतीत अंथुर्ण्याला ठाऊक असलेलं घर एकच, आमचं. आणि आमच्या घरात लग्नाचा मुलगा एकच, माझा धाकटा भाऊ सुरेश. आठवड्याच्या आत ही बातमी एसटीच्या कंडक्टरने माझ्या वडिलांना दिली. वर पेढे मागितले!

वडिलांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पोरगी नाकीडोळी चांगली आहे. पण स्वयंपाकाचं काय?"

मी सगळा खुलासा केला. वडील सुटल्यासारखे हसले, आईही हसली. सुरेश तेवढा हसला नाही. तो त्या आठवड्यात रोज दाढी करत होता!

*

मार्टिनचा एक राहिलाच.

शिष्टाचाराचा धडा होता. मी तिघांना सांगितलं, आपल्याकडे एकट्याने काही करत नाहीत. जेवायला बसलात आणि समोर कुणी आलं, तर म्हणायचं, "या जेवायला." चहा घेत असाल, तर "या चहा घ्यायला." समोरचा नको म्हणतो, पण बोलवायचं. मार्टिनला हे फार आवडलं. म्हणाला, "किती सुंदर पद्धत आहे!"

बावड्यात त्याला सकाळी डबा घेऊन ओढ्याकडे जावं लागायचं. तिकडे ती सोय 'न्हाय', हे त्याला आता नीट कळलं होतं. वाटेत जो तो विचारणार, "काय मारुतीराव, कुठं निघालात?" आपण काय करतो? "हा, आलोच," म्हणून सटकतो. पण मार्टिनला मी शिकवलं होतं, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं!

एका सकाळी पारावर आप्पा गुरुजी बसलेले. निवृत्त शिक्षक, पांढरंशुभ्र धोतर, शुद्ध बोलणं, गावात मोठा मान. त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय मारुतीराव, कुठे निघालात?"

मार्टिन थांबला. डबा डाव्या हातात घेतला. उजवा हात छातीवर ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मी शौचाला चाललो आहे." मग काहीतरी राहिलं असं वाटून, अगदी मनापासून, "या ना!"

पारावरची माणसं दगड झाली. आप्पा गुरुजी मात्र शिष्टाचाराचे पक्के. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"असू द्या, असू द्या. माझं आत्ताच झालं!"

*

आणि आता तो फोनचा किस्सा. हा मी डोळ्यांनी बघितलाय, तरी सांगताना दरवेळी माझाच विश्वास बसत नाही.

दुसरा महिना संपत आला होता. गिरजाला ताप आला. साधा नाही, चांगला फणफणून. बारामतीला आणून डॉक्टरांना दाखवलं, औषधं दिली. बंगल्यावर राहा म्हटलं, तर म्हणाली, पारूबाईंकडेच जाते. पण ताप काही हटेना आणि त्यात तिचं मनच खचलं. नर्स असलेली पोरगी, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी गेले, तर माझा हात धरून म्हणाली, "शैलाताई, मला घरी जायचंय." मराठीत म्हणाली. इंग्लिशमध्ये म्हणाली असती, तर मी काहीतरी बोलले असते.

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी तिच्या आईला कळवलं. आईने निरोप दिला, की मी स्वतः फोन करते, मुलीला लगेच पाठवायची तयारी ठेवा. तिची बॅग भरलेली होती. पारूबाईंनी ती बघितली. आत गेल्या आणि बराच वेळ चुलीत फुंकर घालत बसल्या. चूल तर पेटलेलीच होती.

त्या घरी फोन नव्हता. जवळच पोपटशेठचं किराणा दुकान, तिथं फोन. संध्याकाळी मी गिरजाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते आणि दारातून पोपटशेठ ओरडले, "फोन! फोन! बाहेरच्या देशाचा फोन! लवकर चला, मीटर पळतंय तिकडं!"

गिरजाला उठवेना. नुकता कुठे तिचा डोळा लागला होता. मी उठणार, तोवर पारूबाईंनी मला खाली बसवलं. "तू बस हिच्यापाशी. ती उठली, तर कुनीतरी पायजे बोलाया. मी जाऊन जरा दम धरा म्हनते." आणि गेल्यासुद्धा!

मी दोन मिनिटं बसले. मग डोक्यात प्रकाश पडला, की 'दम धरा' हे त्या बाईला कळणार कसं? आबांना गिरजापाशी बसवलं आणि मी पळत दुकानात गेले.

पारूबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावून तेलाच्या डब्यावर बसल्या होत्या.

"व्हय... व्हय वो... कालच्यापरीस कमी हाय... न्हाय, न्हाय, डाक्टरनं सुई दिली की... खाती, पेज खाती... आवो, तुमी रडू नगा."

मी हात पुढे केला, "मावशी, मला द्या." त्यांनी माझा हात झटकला.

"थांब गं, बोलू दे की!"

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. पलीकडून आवाज येत होता, बारीक, भरभर, मध्येच तुटणारा. पारूबाई मान हलवत होत्या. "आसं?... ल्हानपनापासनं?... बरं... बरं बरं... करते की, त्यात काय एवढं." मग त्या एकदम हसल्या. पलीकडची बाईपण हसल्यासारखं वाटलं. "तुमचं गुडघं कसं हायती?" पारूबाईंनी विचारलं. थोडं ऐकलं. मग सुस्कारा टाकला. "माझंबी तसंच."

पोपटशेठ वजनकाटा हातात घेऊन पुतळ्यासारखे उभे!

"न्हाय, न्हाय, आता नगा न्यू तिला. मी हाय हितं," पारूबाई म्हणाल्या. "बरं. ठिवते."

आणि फोन ठेवला.

त्या तडक घरी आल्या. गिरजाच्या अंगावरची गोधडी पायांकडून वर सारली, दोन्ही पावलं उघडी टाकली. मग आबांना म्हणाल्या, "पोपटशेटचा रेडू आना जरा. बारीक आवाजात लावून ठिवा. पार गप असलं, की हिला झोप लागत न्हाय."

आबांनी रेडिओ आणला. कृषिवार्ता चालू होती. कापसावरच्या बोंडअळीची माहिती ऐकत गिरजाने डोळे उघडले. पावलांकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं आणि पारूबाईंकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "आजारी असले, की आई असंच करते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? तुझ्या आईनं."

गिरजा रडायला लागली, मग हसायला लागली आणि मग पुन्हा रडायला लागली. पारूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या रात्री ती गाढ झोपली. दोन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी तिने स्वतःच बॅगेतले कपडे काढून खुंटीला अडकवले. आबा मेंढरांना सांगत होते, "चला, ऱ्हायली एकदाची!"

मला मात्र चैन पडेना. मी पारूबाईंना एकट्या असताना गाठलं. "मावशी, खरं सांगा. त्यांचं इंग्लिश तुम्हाला कसं कळलं?"

पारूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसलं इंग्लिश? चांगली मराठीत बोलत व्हती की!"

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी गिरजाच बोलली. मी शेजारीच उभी होते. तिने आईला विचारलं, की त्या दिवशी पारूबाईंशी तू काय आणि कसं बोललीस? पलीकडून उत्तर आलं. गिरजाने रिसीव्हरवर हात ठेवला, माझ्याकडे वळली आणि डोळे विस्फारून म्हणाली,

"आई म्हणते, 'तुझ्या त्या बाई किती सुंदर इंग्लिश बोलतात गं! जरा भरभर बोलतात, एवढंच.'"